दिडकी कोणाच्या लेकराला पाठ होती?



आज लेकरांच्या आणि पैशाच्या गोष्टी बोलायच्या आहेत. गटाच्या बैठकीत हा विषय हल्ली सारखा निघतो. पोरं पैसा उडवतात, त्यांना किंमत कळत नाही, आमच्या वेळी असं नव्हतं, असं सगळ्याच म्हणतात. म्हणून आम्ही ठरवलं की एकदा मागं जाऊन बघावं. आपल्या मुलखात लेकरांना पैशाचं ज्ञान कोणी दिलं, कधी दिलं आणि काय द्यायचं राहिलं? शोधायला लागलो तर कळलं की हे शिक्षण काही नवं नाही. दीडशे वर्षांपूर्वीही ते रोज दिवेलागणीला मोठ्या आवाजात चालायचं. मात्र ते मोजक्याच घरांच्या ओसरीवर चालायचं.

संध्याकाळच्या त्या म्हणण्याला परवचा म्हणत. आधी शुभंकरोती, मग पाढे, आणि पाढ्यांच्या पुढं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पावकी म्हणजे पाव पटीचा पाढा, दिडकी म्हणजे दीड पटीचा, औटकी म्हणजे साडेतीन पटीचा. आजच्या लेकरांना हे ऐकून हसू येईल. पण तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते आणि आण्याच्या बारा पै. भाव असायचे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा असे. शेराला सव्वातीन आणे भाव असेल आणि साडेसात शेर माल घेतला, तर किती झाले? पंतोजीच्या शाळेत धुळपाटीवर बसलेलं दहा वर्षांचं पोर तोंडावर सांगायचं, एक रुपया आठ आणे साडेचार पै. हे पोर बहुतेक कुलकर्ण्याचं, वाण्याचं किंवा सावकाराचं असायचं. कुणब्याची, मांगा-महारांची लेकरं त्या वेळी गुरांमागं असत. आणि पोरी, मग त्या कोणत्याही घरच्या असोत, या परवच्यात नसायच्याच. ओसरीवरचा आवाज आत चुलीपर्यंत जायचा, तेवढाच काय तो त्यांच्या वाट्याला.

आता दिडकीचं बघा. दीड पटीचा पाढा सगळ्यात जास्त कुठं कामाला यायचा? आपल्याकडे धान्य उसनं देण्याची जुनी रीत होती, तिला वाढीदिढी म्हणत. पेरणीच्या वेळी सावकाराकडून एक पोतं ज्वारी आणायची आणि सुगीला दीड पोतं घालायची, ही झाली दिढी. सव्वा पोतं घालायची ठरली तर सवाई. म्हणजे ओसरीवर जे लेकरू सवायकी आणि दिडकी घोकत होतं, ते खरं तर आपल्या घरच्या येण्याचा पाढा पाठ करत होतं. आणि ज्याच्या घरातून ते धान्य जायचं, त्याच्या लेकराला तो पाढा कोणी शिकवत नव्हतं. हिशेबाच्या वहीत कुळाचं नाव होतं, सहीच्या जागी त्याचा अंगठा होता, पण ती वही वाचायला त्याच्या घरात कोणी नव्हतं.

याचं पुढं काय झालं, ते पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दिसलं. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. शेतकरी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. यात लक्ष देण्यासारखं हे की लोकांचा मुख्य रोख कागदांवर होता. कर्जरोखे मागून घ्यायचे, न दिले तर हिसकवायचे आणि पेटवून द्यायचे. ज्या कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, तो जाळणं हेच त्यांना जमण्यासारखं होतं. इंग्रज सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जासाठी वेगळा कायदा केला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी. कर्जाचा कागद सरकारनं नेमलेल्या माणसासमोर लिहायचा, पैसे फेडले की पावती द्यायची, कूळ मागेल तर वर्षाचा हिशेब लिहून द्यायचा, असं त्यात होतं. पावती मागणं हा हक्क आहे, हे त्या कायद्यात आलं.

पण पावती मिळाली तरी ती वाचणार कोण? हे ओळखलं जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणारं हंटर आयोग आलं, तेव्हा त्यांनी लेखी निवेदन दिलं. गावच्या शाळेत काय शिकवावं याची त्यांची यादी आजही वाचण्यासारखी आहे. मोडी आणि बाळबोध वाचणं-लिहिणं, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्याचे आणि नीतीचे धडे. मोडी का, तर सावकाराचे आणि सरकारचे कागद मोडीत असत. शेतकऱ्याच्या लेकराला बाळबोध पुस्तक वाचता आलं पण घरावर चढलेला मोडीतला रोखा वाचता आला नाही, तर त्या शिक्षणाचा त्याला काय उपयोग? आमच्या मते लेकरांना पैसा शिकवण्याची महाराष्ट्रातली ही पहिली शहाणी मागणी.

यातलं सेलूपर्यंत काय पोचलं? थेट काहीच नाही. सेलू, जिंतूर, पाथरी, सगळा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. १८७९ चा कायदा इंग्रजी मुलखाचा. इथल्या राज्याचं नाणं वेगळं आणि दरबाराची भाषाही वेगळी.

नाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या आज्या-पणज्यांनी ती रोज भोगली आहे. निजामाच्या नाण्याला हाली म्हणत. हाली म्हणजे सध्या चालणारं. चारमिनार असलेला रुपया ज्यांनी लहानपणी पाहिला, अशी माणसं आता फार थोडी राहिली. इंग्रजांच्या रुपयाला म्हणायचे कलदार, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. दोन्ही रुपयेच, दोन्हींचे सोळाच आणे, पण किंमत सारखी नाही. साधारण दर असा की सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार.

ऐकायला सोपं वाटतं. आता सेलूच्या पेठेत उभ्या राहून विचार करा. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडहून हैदराबादला जाणारी छोटी रेल्वे सुरू झाली आणि सेलूला स्टेशन झालं. दुधनाकाठच्या काळ्या रानातला कापूस रेल्वेत चढून मुंबईच्या वाटेला लागायला लागला. मुंबईचा भाव कलदारात. इथला शेतसारा, मजुरी, किराणा हालीत. शंभर कलदारांचा माल असेल तर हालीत त्याचे ११६ रुपये १० आणे ८ पै व्हायला पाहिजेत. ज्याला हा हिशेब येत नाही त्याच्या हातावर शंभर हाली ठेवले, तरी तो शंभर मोजून घरी जाणार. मोजणीत काही चूक नाही, गेले मात्र साडेसोळा रुपयांच्या वर. मोजता येणं आणि हिशेब येणं यात केवढं अंतर आहे, हे या हाली-कलदाराएवढं दुसऱ्या कशानं स्पष्ट होईल असं आम्हाला वाटत नाही. आजही पुष्कळ आया लेकराला वीस रुपये देऊन दुकानात पाठवतात आणि ‘बाकी नीट मोजून आण’ एवढंच सांगतात. भाव काय लावला हे विचारून ये, असं सांगणाऱ्या थोड्या.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं. हाली नाणं लगेच गेलं नाही. काही वर्षं दोन्ही नाणी बाजारात होती, मग हाली मागं पडत पडत संपलं. १९४२ साली सुरू झालेली, हालीचा कारभार पाहणारी हैदराबाद स्टेट बँक पुढं स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. आपली माणसं तिला नुसतं हैदराबाद बँक म्हणायची, अगदी १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँकेत मिसळली तरी. नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. आणि लोक जरा कुठं कलदारात स्थिर होतात, तोवर १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला.

रुपयाचे सोळा आणे गेले, शंभर नवे पैसे आले. एका आण्याचे सव्वासहा पैसे. पण पाव पैसा तर पाडलेलाच नाही! म्हणून सरकारनं कोष्टक दिलं. एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५, पाच आणे ३१, सहा आणे ३७, सात आणे ४४, आठ आणे ५०. अर्धा किंवा त्याहून कमी तुकडा सोडायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर एक धरायचा, असा नियम.

आता यातली गंमत बघा. ही आपल्या लेकरांना करायला द्या, त्यांना आवडेल. एक बाई मेथीची जुडी एक आण्याला विकते. नव्या पैशात तिला सहा मिळाले. चार जुड्या चार गिऱ्हाइकांना विकल्या, चोवीस झाले. मग ती चार आण्याचं मीठ-तेल घ्यायला गेली तर दुकानदार मागणार पंचवीस. एक पैसा हवेत विरला. उलट दुकानदारानं एका आण्याचे सहाच्या जागी सात घेतले, तर चार वेळा मिळून त्याला अठ्ठावीस मिळाले, तीन पैसे वर. नियम सगळ्यांना एकच होता, पण थोडं थोडं विकणाऱ्या बाईला तो वेगळा लागला आणि कोष्टक भिंतीवर टांगलेल्या दुकानदाराला वेगळा.

या वेळी मात्र एक उलटंच झालं, आणि आम्हाला या सगळ्या इतिहासात तेच मोलाचं वाटतं. ज्या आजीला आणे, पै, दुगाणी सगळं तोंडपाठ होतं, जी बाजारात फसली नसती, ती एका दिवसात अडाणी झाली. आणि नवं कोष्टक आलं ते शाळेच्या वाटेनं. परवच्यात बसलेलं असो वा नसो, चौथीचं लेकरू आजीला सांगायला लागलं की चार आण्याचे पंचवीस, पाच आण्याचे एकतीस. लगेच १९५८ पासून शेर-मणाच्या जागी किलोही यायला लागला, म्हणजे पुन्हा लेकरालाच विचारा. पिढ्यान्‌पिढ्या हिशेब वरून खाली यायचा, आता तो खालून वर जायला लागला. १९६४ साली ‘नवा’ हा शब्द गळाला आणि नुसता पैसा राहिला. ३० जून २०११ ला चार आण्याचं नाणंही बाजारातून उठलं. बोलण्यातून मात्र चार आणे, आठ आणे, बारा आणे गेले नाहीत. बारा आणे काम झालं, असं आपण अजून म्हणतो.

शाळेतून पैशाचं दुसरं शिक्षण आलं ते बचतीचं. ही कल्पना बाहेरची. १८६६ साली बेल्जियम देशातल्या गेंट गावात लोराँ नावाच्या प्राध्यापकानं शाळेतच मुलांची बचत गोळा करायला सुरुवात केली. लेकरानं आठवड्याला एक-दोन नाणी मास्तरांकडे द्यायची, पुस्तकात नोंद करायची, पैसा बचत बँकेत. तिथून ही रीत देशोदेशी गेली. आपल्याकडे ती आली संचयिका या नावानं. तुमच्यापैकी ज्या १९७० ते १९९० च्या काळात शाळेत होत्या त्यांना आठवत असेल. छोटं पासबुक, वर्गातलं कोणीतरी नोंद करणारं, मास्तरांची सही, आणि १५ सप्टेंबरला संचयिका दिवस. आता ती बहुतेक शाळांत दिसत नाही.

संचयिका चांगली होती. चौथीतल्या पोरीच्या नावावर पासबुक असणं ही तेव्हा मोठीच गोष्ट, कारण घरात तिच्या आईच्या नावावर काही नसायचं. आईचा पैसा पदराच्या गाठीला, नाहीतर डाळीच्या डब्यात. पण आमचं स्पष्ट मत असं की शाळेनं बचत शिकवली आणि कर्ज शिकवलं नाही. कपाशी पेरणाऱ्या घरात बचतीआधी कर्ज येतं. बियाणं, खत, फवारणी आधी, पट्टी नंतर. अशा घरातल्या लेकराला गल्ल्यात नाणं टाकायला शिकवलं आणि बापानं कशावर सही केली ते वाचायला शिकवलं नाही, तर फुल्यांनी १८८२ साली मागितलेलं अजून बाकीच आहे म्हणायचं.

ते बाकी आपल्याला भरता येईल का? येईल, आणि त्यासाठी नवं पुस्तक आणायला नको. बालभारतीच्या सातवीच्या गणितात ‘बँक व सरळव्याज’ नावाचं प्रकरण आहे. नववी आणि दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ आहे. तुमच्या घरातलं लेकरू हे शिकून परीक्षा देऊन मोकळं झालेलं असेल. त्या पुस्तकात दर लिहिलेला असतो द.सा.द.शे., म्हणजे दर साल दर शेकडा. आणि आपण गावात बोलतो ‘शेकडा दोन’, तो महिन्याचा. बँकेचा बारा टक्के दर ऐकला की बाई दचकते आणि सावकाराचा शेकडा दोन तिला कमी वाटतो. सातवीच्या लेकराला विचारा. महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस. बँकेच्या दुप्पट.

आणखी एक हिशेब, हा दहावीवाल्यांसाठी. बारा हजारांचं कर्ज, बारा महिने, दरमहा एक हजार मुद्दल फिटणार, व्याज शेकडा दोन. आपल्या गटात राहिलेल्या रकमेवर व्याज धरतात. पहिल्या महिन्यात बारा हजारांवर २४० रुपये, दुसऱ्यात अकरा हजारांवर २२०, असं उतरत उतरत शेवटी २०. वर्षाचं व्याज होतं १,५६० रुपये. दुसरीकडे कोणी सरसकट बारा हजारांवरच बारा महिने व्याज लावलं, तर दरमहा २४०, वर्षाचे २,८८०. दर दोन्हीकडे ‘शेकडा दोन’च सांगितला. फरक १,३२० रुपयांचा. आणि कर्ज देतानाच फी म्हणून काही रक्कम कापून घेतली असेल, तर तीही व्याजातच धरायची. जुने सावकारही शंभर लिहून घ्यायचे आणि हातात नव्वद ठेवायचे, त्याला मनोती म्हणत. आता त्याला प्रोसेसिंग फी म्हणतात. मनोती हा शब्द लेकरांना जरूर सांगा.

लेकरांच्या स्वतःच्या खात्याचं थोडक्यात. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेनं २०१४ पासून मोकळीक दिली आहे. किती रकमेपर्यंत, ते प्रत्येक बँक आपलं ठरवते, म्हणून शाखेत विचारावं लागतं. दहा वर्षांच्या आतल्या मुलीचं सुकन्या समृद्धी खातं २०१५ पासून पोस्टात आणि बँकेत निघतं, वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. ते पैसे लग्नासाठी की शिक्षणासाठी यावर घरोघरी वाद आहेत. आमचा कल कुठं आहे ते तुम्हाला माहीत आहे.

१९५७ सालचा तो उलटा प्रवाह मात्र आता पुन्हा घरोघर दिसतोय. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार खात्यात यायला लागले आणि पुष्कळ घरांत ‘आले का गं’ हे बघणारं लेकरूच आहे. फोन त्याच्या हातात, आईचा पिनही त्यालाच पाठ. आजीनं नातवाकडून कोष्टक शिकून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात स्वतः हिशेब केला होता. आपण फोन देऊन टाकतो आणि शिकत नाही, एवढा फरक पडलाय. म्हणून लेकराला सांगा, तू करून देऊ नको, मला दाखव. पैसे पाठवताना पिन लागतो, पैसे घेताना लागत नाही. कोणी ‘पैसे घ्यायला पिन टाका’ म्हणालं तर तो लुबाडतोय. एवढी एक गोष्ट आईला आणि लेकराला, दोघांना पक्की पाहिजे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक कागद आणायचा आहे. कापसाची पट्टी, खताचं बिल, कर्जाचं कार्ड, काहीही चालेल. सोबत सातवीच्या पुढचं एक लेकरू आणायचं, पोरगी असेल तर आधी पोरगी. कागद त्यानं मोठ्यानं वाचायचा. पट्टीवर भाव, वजन, आडत, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहिली आहे की एकाच आकड्यात गुंडाळली आहे, ते शोधायचं.

आणि तोवर घरी सोडवायला एक गणित. आषाढात एक पोतं ज्वारी नेली, सहा महिन्यांनी दिढीनं फेडली. द.सा.द.शे. दर किती झाला?